दुधात पाणी किती? लिनक्सच्या पारदर्शक खिडक्या आणि काळ्या थीमचा हिशोब

नवं लिनक्स बसवल्यावर पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकजण तेच करतो. काम बाजूला ठेवतो आणि खिडक्या रंगवायला बसतो. मीही बसलो होतो. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, काळंभोर, त्यातून मागच्या वॉलपेपरवरचा डोंगर अंधुक दिसतोय, वरची पट्टी काचेसारखी. पारदर्शकतेचा, म्हणजे अल्फाचा, स्लायडर मी अगदी अर्ध्यावर आणून ठेवला, स्क्रीनचा फोटो मित्रांना पाठवला, सगळ्यांनी वा वा केली. दुसऱ्या दिवशी त्याच टर्मिनलमध्ये एक सेटिंगची फाइल उघडली, तर तिच्यातल्या निम्म्या ओळी गायब! फाइल बिघडली म्हणून दहा मिनिटं शोधाशोध केली. फाइल धडधाकट होती. टर्मिनलच्या मागे ब्राउझरचं पांढरं पान उघडं होतं, एवढंच काय ते झालं होतं.

त्या ओळी कुठे गेल्या हे कळलं, की पारदर्शक खिडक्यांचं अर्धं शास्त्र कळतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी ठरतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्ही ० असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. पारदर्शकतेसाठी यात चौथा आकडा जोडतात, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा १ म्हणजे निव्वळ दूध, अल्फा ० म्हणजे निव्वळ पाणी. ०.८ म्हणजे आठ पेले दुधात दोन पेले पाणी: वरच्या खिडकीचा रंग आठ भाग, मागे जे काही असेल त्याचा रंग दोन भाग. काळ्या खिडकीमागे पांढरं पान असेल तर ०.८ × ० अधिक ०.२ × २५५, उत्तर ५१. काळा रंग गडद करडा झाला. सगळी जादू एवढीच.

ही कल्पना १९७७ च्या सुमारास न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ॲल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल या दोघांनी काढली. सूत्रात मिश्रणाचं प्रमाण दाखवायला अल्फा हे ग्रीक अक्षर वापरायची पद्धत होती, तेच नाव चिकटलं. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र कसं ठेवायचं याचे सगळे प्रकार नियमांत बसवले. आज तुमच्या लॅपटॉपवर काचेसारखी दिसणारी प्रत्येक पट्टी त्यांच्या 'ओव्हर' या नियमाने रंगते.

आता आमच्या गायब ओळी. त्या फाइलमध्ये सूचनांच्या, म्हणजे कॉमेंटच्या, ओळी करड्या रंगात होत्या. करडा म्हणजे साधारण १२८. अल्फा ०.५, मागे पांढरं पान, म्हणून काळ्या पार्श्वभूमीचा रंग ०.५ × २५५, म्हणजे जवळजवळ १२८. करड्यावर करडा! ओळी जागेवरच होत्या, पार्श्वभूमीने त्यांचा रंग गाठला होता.

### मिसळतं कोण?

मॉनिटरला पारदर्शक पिक्सेल ही गोष्टच माहीत नाही. त्याला शेवटी एकच ठाम रंग लागतो. म्हणजे वरचा आणि मागचा असे दोन्ही रंग एकाच वेळी ज्याच्या हातात आहेत, असा कोणीतरी मधे बसलेला हवा. लिनक्सवर तो माणूस बराच काळ नव्हताच.

एक्स-इलेव्हन ही खिडक्या दाखवणारी यंत्रणा १९८७ मध्ये एमआयटीतून बाहेर आली. तिची रीत शाळेतल्या एकाच फळ्यासारखी होती. सगळे प्रोग्राम त्याच फळ्यावर आपापल्या चौकटीत लिहिणार. एक खिडकी दुसरीवर आली की खालचं सरळ पुसलं जायचं. वरची खिडकी हलवली की यंत्रणा खालच्या प्रोग्रामला हाक मारायची, 'बाबा, तुझा एवढा भाग उघडा पडलाय, पुन्हा काढ.' प्रोग्राम कामात असला तर तो भाग राखाडी किंवा फाटल्यासारखा दिसत राहायचा. जुन्या संगणकावर खिडकी ओढताना मागे उरणारा ओघळ अनेकांना आठवत असेल. मागचं चित्र साठवलेलंच नसेल तर त्यात काय मिसळणार?

तरीही हौस दांडगी. ईटर्मसारख्या टर्मिनलांनी एक हातचलाखी केली. वॉलपेपरचा जो तुकडा आपल्या खिडकीमागे येतो तेवढा कापून घ्यायचा, त्यावर काळी छटा टाकायची आणि तोच पार्श्वभूमी म्हणून लावायचा. दिसायला अगदी पारदर्शक. पण मधे दुसरी खिडकी आली तरी दिसणार वॉलपेपरच! भिंतीवर खिडकीचं चित्र चिकटवावं आणि बाहेर पाऊस पडत असताना त्यात ऊन दिसावं, तसला प्रकार.

खरी सोय झाली २००४ च्या सप्टेंबरात. एक्स-इलेव्हनच्या एक्स-ऑर्ग या रूपाच्या ६.८ आवृत्तीत कीथ पॅकार्ड आणि मंडळींनी केलेली 'कंपोझिट' नावाची जोड आली. आता प्रत्येक खिडकी फळ्यावर न लिहिता स्वतःच्या वेगळ्या कागदावर लिहू लागली. आणि एक नवा कामगार आला, कंपोझिटर. तो सगळे कागद गोळा करतो, मागून पुढे रचतो, अल्फाच्या प्रमाणात रंग मिसळतो आणि तयार झालेलं एकच चित्र मॉनिटरकडे देतो. २००६ मध्ये नॉव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमनने कॉम्पिझ नावाचा कंपोझिटर बाहेर काढला आणि मग काय विचारता! खिडक्या ओढल्या की जेलीसारख्या थरथरायच्या, चार डेस्कटॉप एका ठोकळ्याच्या चार बाजूंवर फिरायचे. त्या वर्षांत कॉलेजच्या लॅबमध्ये हा ठोकळा फिरवून दाखवणारा एक तरी मुलगा असायचाच. लिनक्सचा दुसरा काही उपयोग त्याला माहीत असो वा नसो.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्गने एक्स-इलेव्हनच्या जागी वेलँड ही नवी यंत्रणा सुरू केली. त्यात मधला कामगार वेगळा राहिलाच नाही, घरमालकच कंपोझिटर झाला. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. इंटरनेटवर पारदर्शकतेचे जे जुने सल्ले सापडतात त्यांतले निम्मे 'पिकॉम' किंवा त्याच्या आधीच्या 'कॉम्प्टन'बद्दल असतात. हे दोन्ही एक्स-इलेव्हनवर बसणारे वेगळे कंपोझिटर. वेलँडवर त्यांना कामच नाही. तुम्ही प्रामाणिकपणे फाइल लिहाल, तीनदा संगणक बंद-चालू कराल आणि काहीही होणार नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी सेटिंगमध्ये 'अबाउट' किंवा 'सिस्टिम डिटेल्स' उघडून 'वेलँड' लिहिलंय की 'एक्स-इलेव्हन' ते बघा. सध्याच्या उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत आणि केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये न मागता वेलँडच मिळतं.

### खिडकी पारदर्शक की फक्त पार्श्वभूमी?

बहुतेक लोकांचा गोंधळ इथे होतो, आणि त्याला कारण सेटिंगमधली नावं. 'ओपॅसिटी', 'ट्रान्सपरन्सी', 'ट्रान्सलुसन्सी' असे तीन शब्द तीन ठिकाणी दिसतात आणि तिन्ही एकच वाटतात. मुळात प्रकार दोन आहेत, आणि मिश्रणाचं प्रमाण कोण ठरवतं यावरून ते वेगळे होतात.

पहिल्या प्रकारात कंपोझिटर ठरवतो. तो अख्खी खिडकी उचलतो आणि सगळ्यालाच ०.८ ने गुणतो: पार्श्वभूमी, अक्षरं, फोटो, बटणं, झाडून सगळं. आतल्या प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. त्यामुळे हे कुठल्याही खिडकीवर चालतं, आणि त्यामुळेच ते वाईटही दिसतं. अक्षरं फिकी होतात, मागच्या पानाची अक्षरं पुढच्या अक्षरांतून डोकावतात. व्हिडिओ पाहताना दुसऱ्या खिडकीत क्लिक केलं की व्हिडिओ भुतासारखा होतो, कारण कोणीतरी 'इनॲक्टिव्ह ओपॅसिटी' म्हणजे वापरात नसलेल्या खिडक्यांचं प्रमाण कमी करून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात प्रोग्राम स्वतः ठरवतो. तो आपल्या कागदावर पार्श्वभूमीला अल्फा ०.८ देतो आणि अक्षरांना १. कंपोझिटर निमूटपणे तसं मिसळतो. अक्षरं ठसठशीत राहतात, फक्त मागचा रंग विरळ होतो. टर्मिनलमध्ये दिसते ती हीच पारदर्शकता, म्हणूनच ती सुंदर वाटते. पण त्यासाठी तो प्रोग्राम तसा लिहिलेला असावा लागतो. फाइल मॅनेजर किंवा ब्राउझरच्या कर्त्याने पार्श्वभूमीला चौथा आकडाच दिला नसेल, तर बाहेरून तुम्ही कितीही डोकं आपटलंत तरी त्याची अक्षरं तशीच ठेवून फक्त पार्श्वभूमी विरघळवता येत नाही. इंटरनेटवरच्या देखण्या फोटोंमध्ये जवळजवळ नेहमी टर्मिनलच का असतं, याचं उत्तर हे आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला प्रकार खिडकी ओढत असतानाच्या क्षणापुरता ठीक. कायमचा ठेवायचा तर दुसराच, आणि तोही टर्मिनल आणि डेस्कटॉपची पट्टी यांच्यापुरता.

### काळी थीम ही एक वस्तू नाही

पारदर्शकतेत निदान कामगार एक असतो. काळ्या थीममध्ये कारागीरच चार.

लिनक्सवरच्या खिडक्यांमधली बटणं, मेनू, रकाने हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः शून्यापासून काढत नाही. तो तयार साहित्य वापरतो, त्याला टूलकिट म्हणतात. मोठी घराणी दोन. जीटीके, जे मुळात जिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जन्मलं आणि ज्यावर आज गनोम, एक्सएफसीई आणि सिनेमन हे डेस्कटॉप उभे आहेत. आणि क्यूटी, ज्यावर केडीई उभं आहे. एकाच घराचं काम दोन सुतारांना दिल्यासारखं आहे हे: एकाला काळं पॉलिश सांगितलं तर दुसऱ्याला ते आपोआप कळत नाही. तिसरा, खिडकीची चौकट आणि मथळ्याची पट्टी रंगवणारा, काही ठिकाणी आणखी वेगळा असतो. एक्सएफसीईमध्ये हे लख्ख दिसतं: 'अपिअरन्स'मध्ये काळी थीम निवडली की आतलं सगळं काळं होतं आणि चौकट पांढरीच राहू शकते, कारण तिची निवड 'विंडो मॅनेजर' या दुसऱ्याच ठिकाणी आहे. चौथे म्हणजे ब्राउझर आणि ब्राउझरच्या इंजिनावर बांधलेले गप्पांचे वगैरे प्रोग्राम. ते आपलं सामान स्वतःच आणतात.

पूर्वी या चौघांना एकसारखं काळं करणं म्हणजे दिवसभराचं काम होतं. आता निदान निरोप एकच झाला आहे. डेस्कटॉप एका ठरलेल्या जागी चिठ्ठी लावून ठेवतो, तिच्यावर फक्त एक आकडा असतो: ० म्हणजे काही पसंती नाही, १ म्हणजे काळं आवडेल, २ म्हणजे उजळ आवडेल. प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतो आणि आपल्याकडचं काळं रूप घालतो. मार्च २०२२ मध्ये आलेल्या गनोम ४२ पासून 'सेटिंग्ज'मधल्या 'अपिअरन्स'मध्ये 'डार्क' निवडलं की होतं ते हेच. ब्राउझरही तीच चिठ्ठी वाचून वेबसाइटला सांगतो. त्यामुळे ज्या साइटने काळं रूप तयार ठेवलंय ती रात्री न सांगता काळी उघडते.

चिठ्ठी आणि थीम यांतला फरक लक्षात ठेवा. चिठ्ठी ही विनंती आहे, थीम ही सक्ती. बाहेरून आणलेली थीम प्रोग्रामच्या प्रत्येक बटणाचे रंग, जाडी, अंतरं बदलते आणि कधीतरी काळ्या बटणावर काळी अक्षरं येतात. मग वापरणारा तक्रार करतो ती प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे, थीम काढणाऱ्याकडे नाही. याच त्रासाला कंटाळून गनोमच्या काही प्रोग्रामकर्त्यांनी २०१९ मध्ये जाहीर पत्र लिहिलं की आमच्या ॲप्सवर परस्पर थीम लावू नका. पुढे आलेली 'लिबअद्वैता' ही त्यांची लायब्ररी, म्हणजे ॲप्ससाठीच्या तयार कोडचा संच, तर निवडलेली जीटीके थीम मोजतच नाही. उजळ किंवा काळं एवढंच ऐकते, आणि गनोम ४७ पासून ठळक रंग कोणता हवा तेही. त्यामुळे तुम्ही हौसेने उतरवलेली जांभळट-काळी थीम जुन्या ॲप्सवर चढते आणि नव्यांवर नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही, उगाच तीच थीम पुन्हा पुन्हा उतरवू नका. (नावाचा उच्चार 'अद्वैता' ऐकून पहिल्यांदा मीही दचकलो होतो. गनोमच्या मूळ थीमचं नाव खरोखरच आपल्या अद्वैतावरून घेतलेलं आहे.)

केडीईमध्ये अशी कडक शिस्त नाही. तिथे सगळ्याला हात लावता येतो आणि म्हणूनच तिथे जरा जपून. केडीईची 'ग्लोबल थीम' म्हणजे फक्त रंग नसतात, तिच्यासोबत चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये एकाने अशीच परक्याची ग्लोबल थीम बसवली आणि त्याच्या फाइल पुसल्या गेल्या. त्यानंतर केडीईच्या मंडळींनी लोकांना जाहीरपणे सावध केलं. 'ब्रीझ डार्क' ही सोबत येणारी काळी थीम मला पुरते. वेगळे रंगच हवे असतील तर ग्लोबल थीमऐवजी नुसती 'कलर स्कीम' उतरवावी, तिच्यात रंगांच्या आकड्यांपलीकडे काही नसतं.

### दोघांचं जमत का नाही

काळी थीम आणि पारदर्शकता फोटोत जोडीने दिसतात, पण त्यांचं आतून वाकडं आहे. काळ्या थीमचं सगळं गणित 'मागे गडद आहे' या गृहीतावर उभं असतं. थीम काढणाऱ्याने करडी, निळी, जांभळी अक्षरं गडद पार्श्वभूमीवर पाहून निवडलेली असतात. पारदर्शकता तीच जमीन पायाखालून काढते.

वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून एक जागतिक मोजमाप आहे: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर. पांढऱ्यावर काळ्याला ते २१ येतं, तेच सर्वाधिक. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ हवं. आता टर्मिनलमागे पांढरं पान ठेवून मी केलेला हिशोब सांगतो. अल्फा १ असताना, म्हणजे निव्वळ काळ्यावर, १२८ च्या करड्या ओळीचं गुणोत्तर ५.३. पास. अल्फा ०.९ ला ते ४.४ होतं, म्हणजे काठावर नापास. ०.८ ला ३.२. आणि ०.५ ला १, म्हणजे अक्षर नाहीच. पांढरीशुभ्र अक्षरं जास्त तग धरतात: ०.८ ला १२ च्या वर असतात. पण ०.५ ला त्यांचंही गुणोत्तर ४ च्या आसपास येऊन अडकतं.

म्हणून स्लायडर हलवताना मागे गडद वॉलपेपर ठेवून पाहू नका. सगळ्यात पांढरं पान मागे उघडा आणि टर्मिनलमधली सगळ्यात फिकी ओळ वाचून पाहा. ती वाचता आली तर बाकीचं सगळं वाचता येईल.

इथेच 'ब्लर' कामाला येतो. बाथरूमच्या खिडकीला दुधी काच लावतात तसा. उजेड येतो, आकार येत नाहीत. मागच्या पानातली अक्षरं विरघळून एकसारखी छटा झाली की पुढच्या अक्षरांशी भांडायला कोणी उरत नाही. मात्र ब्लरने गुणोत्तर फारसं सुधारत नाही. पान मुळात पांढरं असेल तर विरघळूनही ते पांढरंच राहणार. कटकट जाते, उजेड राहतो.

ब्लरची किंमत ग्राफिक्स चिप मोजते. साध्या फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला साठ वेळा चित्र बदललं तर साडेबारा कोटींच्या आसपास पिक्सेल दर सेकंदाला. धुसर करायचं म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी शेजाऱ्यांची सरासरी काढायची. वीस पिक्सेलच्या अंतरापर्यंतचे शेजारी धरले तर सरळ पद्धतीत ४१ गुणिले ४१, म्हणजे १,६८१ शेजारी! आधी आडवी आणि मग उभी सरासरी काढली तरी ८२. यातून वाट काढली खेळ लिहिणाऱ्यांनी. जपानच्या मासाकी कावासेने २००३ मध्ये एक पद्धत मांडली, २०१५ मध्ये एआरएम या चिप कंपनीच्या मारियस ब्यॉर्गेने तिला मोबाइलच्या छोट्या चिपसाठी आणखी हलकं केलं. चित्र आधी अर्धं, मग पाव, मग आणखी लहान करायचं आणि पुन्हा मोठं करत आणायचं. फोटो लहान करून परत ताणला की तो आपोआप धुसर होतो, हे व्हॉट्सॲपवर दहा ठिकाणांहून फिरून आलेले फोटो पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लहान करताना दर पिक्सेलला फक्त पाच ठिकाणी पाहायचं, मोठं करताना आठ. केडीईचा ब्लर याच पद्धतीने चालतो, पिकॉममध्येही ती 'ड्युअल कावासे' नावाने आहे.

आणखी एक छुपा खर्च. ठार अपारदर्शक खिडकी अख्ख्या स्क्रीनवर असेल तर हुशार कंपोझिटर तिच्या मागचं काही काढतच नाही, कोणाला दिसणार आहे? खिडकी एक टक्का जरी पारदर्शक केलीत तरी ही सवलत संपली. मागे व्हिडिओ चालू असेल तर त्याचं प्रत्येक चित्र काढायचं, धुसर करायचं, मग मिसळायचं. जुन्या लॅपटॉपचा पंखा का गरगरतोय हे कळलं असेल.

### कुठे काय दाबायचं

मेनूंची नावं बहुतेकांच्या संगणकावर इंग्रजीतच असतात, म्हणून ती तशीच देतोय.

केडीईमध्ये हे सगळ्यात सोपं. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'ग्लोबल थीम'खाली 'ब्रीझ डार्क'. मग 'डेस्कटॉप इफेक्ट्स'मध्ये 'ब्लर' चालू आहे ना ते पाहा. नंतर केडीईचं टर्मिनल, म्हणजे कॉन्सोल, उघडून 'सेटिंग्ज'मधून 'मॅनेज प्रोफाइल्स', तिथे आपल्या प्रोफाइलचं 'एडिट', 'अपिअरन्स', आणि निवडलेल्या कलर स्कीमचं पुन्हा 'एडिट'. तिथे पारदर्शकतेचा स्लायडर आणि 'ब्लर बॅकग्राउंड'चा चेकबॉक्स दोन्ही शेजारी आहेत. इथला स्लायडर उलटा आहे, तो दूध मोजत नाही, पाणी मोजतो. दहा म्हणजे अल्फा ०.९. मूळ स्कीमला हात लावण्याआधी तिची प्रत करून घ्या. 'विंडो रूल्स' वापरून कुठल्याही एका ॲपची ओपॅसिटी बदलता येते, पण तो पहिला, सगळंच फिकं करणारा प्रकार.

गनोममध्ये 'अपिअरन्स'मध्ये 'डार्क' निवडलं की थीमचं काम संपलं. टर्मिनलच्या पारदर्शकतेचं मात्र विचित्र झालं आहे. मूळ गनोम टर्मिनलमधून तो पर्याय कर्त्यांनी केव्हाच काढून टाकला. उबुंटू आणि फेडोरावाल्यांनी लोकांच्या आग्रहाखातर तो आपल्या पॅकेजमध्ये परत शिवून दिला. त्यामुळे मित्राच्या गनोमवर दिसतो तो स्लायडर तुमच्याकडे दिसेलच असं नाही. पट्टी आणि ॲप्सचा पडदा धुसर करायचा तर 'ब्लर माय शेल' हे एक्स्टेन्शन लोकप्रिय आहे. पण गनोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दर वेळी काही एक्स्टेन्शन्स आजारी पडतात, हे धरून चालायचं.

एक्सएफसीई हलकं आहे, जुन्या यंत्रांवर तेच बरं. 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधल्या 'कंपोझिटर' टॅबमध्ये चौकट, वापरात नसलेल्या खिडक्या, ओढत असलेल्या खिडक्या असे वेगवेगळे स्लायडर आहेत. त्यांतला ओढतानाचा तेवढा मी वापरतो. टर्मिनलची पार्श्वभूमी त्याच्या स्वतःच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये. त्याच्या कंपोझिटरमध्ये ब्लर नाही. म्हणून तिथे अल्फा आणखी वर, ०.९५ च्या आसपास ठेवावा लागतो.

आणि काहीही करण्याआधी संगणकावर एक फालतू वापरकर्ता तयार करा. या सगळ्या सेटिंग्ज प्रत्येकाच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरांत राहतात. तिकडे हवा तो गोंधळ घाला, पसंत पडलं तर मग आपल्या खात्यात करा.

### डोळे, बॅटरी आणि आपली लिपी

काळ्या थीमने बॅटरी वाचते हे ओएलईडी स्क्रीनवर खरं आहे, कारण तिथे काळा पिक्सेल विझलेलाच असतो. तिथेही किती वाचते ते उजेडावर ठरतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये फोनवर मोजलं, तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण ब्राइटनेसला ती ३९ ते ४७ टक्के होती. साध्या एलसीडी लॅपटॉपवर मागचा दिवा एरवीइतकाच जळत असतो, काळं करा नाही तर गुलाबी.

डोळ्यांचंही तसंच. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोघांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा उजळ पार्श्वभूमीवरची काळी अक्षरं दोघांनाही अधिक चांगली वाचता आली. उजेड जास्त असला की डोळ्यातली बाहुली आकुंचन पावते आणि प्रतिमा रेखीव उमटते. ज्यांना चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखीही दिसतात. अंधाऱ्या खोलीत पांढरी स्क्रीन डोळ्यांत टोचते, हेही तितकंच खरं. माझा दिवस उजळ थीममध्ये जातो, रात्र काळ्या. प्लाझ्मा ६.५ पासून ही अदलाबदल वेळेनुसार आपोआप लावता येते.

देवनागरीसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. गडद पार्श्वभूमीवर उजळ रेघ डोळ्याला आहे त्याहून जाड भासते. रोमन अक्षरांत आत मोकळी जागा भरपूर, त्यांना ते खपतं. आपल्या 'द्ध', 'ष्ट्र', 'ह्य' यांच्या पोटातली बारीक भोकं मात्र बुजल्यासारखी होतात आणि शिरोरेषा लखलखते. त्यात पारदर्शक खिडकीत अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची ती लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची बारीक युक्ती बहुधा बंद पडते, कारण मागचा रंग आधी ठाऊक असल्याशिवाय ती करता येत नाही. यावर माझे उपाय साधे आहेत. मराठी मजकुराचा आकार एक-दोन पॉइंटांनी वाढवायचा, पांढराशुभ्र रंग टाळून थोडा मळकट पांढरा घ्यायचा, आणि मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट-मंडळींनी केलेल्या 'मुक्त'सारख्या फॉन्टची ठळक नाही तर नियमित जाडी वापरायची. टर्मिनलमध्ये मराठी वाचण्याचा हट्ट तर सोडलेलाच बरा. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, एका घरात एक अक्षर. 'क्षि' तिथे मावत नाही, वेलांटी शेजारच्या घरात जाऊन बसते. मराठी फाइल वाचायची असेल तर साधा एडिटर उघडावा, अपारदर्शक.

माझ्या टर्मिनलचं म्हणाल तर आता अल्फा ०.९ आहे, ब्लर चालू आहे, आणि कॉमेंटच्या ओळींचा करडा मी १२८ वरून १६० केलाय. मागे अगदी पांढरं पान असलं तरी त्यांचं गुणोत्तर साडेसहाच्या वर राहतं. ती फाइल आता सगळी वाचता येते. वॉलपेपरवरचा डोंगर मात्र त्यातून दिसत नाही. तो पाहायचा असला की मी खिडकी मिनिमाइज करतो.